साधी रचना कोणासाठी साधी? रेशनच्या 35 किलोंचा हिशेब

'रचना साधी ठेवा' हे वाक्य सिस्टीम डिझाइनच्या पहिल्याच तासाला ऐकवले जाते. मीही ते अनेक वर्षे ऐकवत आलो आहे. वाक्य चुकीचे नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे समजून घेण्यासाठी रेशन दुकानाकडे पाहू. आमच्या रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातला माणूस जसा तिथे रांगेत उभा राहतो, तसा तुमच्या गावातलाही राहतो.

1. एक कार्ड, 35 किलो

2012 च्या छत्तीसगड अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबांना महिन्याला 35 किलो धान्याचा हक्क दिला. घरात माणसे किती, हा प्रश्नच नव्हता. नियम एका आकड्यात मावत असल्यामुळे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही तो पाठ असे. दुकानदाराने 30 किलो मोजले तर चूक तिथेच पकडता येई. ज्या नियमाची तपासणी वापरणाराच करू शकतो, तो उत्तम नियम.

आता किंमत पाहा. दोघांच्या घरात डोई साडेसतरा किलो, सात जणांच्या घरात डोई पाच. शिवाय कुटुंब कागदावर विभागून दोन कार्डे काढण्याचा मोह वाढतो.

2013 च्या राष्ट्रीय कायद्याने प्राधान्य कुटुंबांसाठी डोई 5 किलो ठरवले. छत्तीसगडने 2015 मध्ये डोई 7 किलो केले. हे अधिक न्याय्य, पण आता प्रत्येक जन्म, मृत्यू आणि लग्न वेळेवर नोंदवले गेले पाहिजे. ज्या मुलाचे नाव चढले नाही, त्याचा वाटा शून्य. 2019 मध्ये राज्याने मधला मार्ग काढला: एकट्याला 10, दोघांना 20, तीन ते पाच जणांना 35, त्याहून मोठ्या घराला डोई 7 किलो. नियम थोडा लांबला, पण बहुतेक घरांसाठी तो अजूनही एकच आकडा आहे.

2. एक कार्ड, एकच दुकान

जुन्या पद्धतीत कार्ड एका दुकानाला बांधलेले असे. डेटाबेसच्या दृष्टीने याहून सोपे काय? पण दुकानदाराने दार बंद ठेवले, तर ग्राहकाला दुसरा पर्याय नसे. 2012 मध्ये रायपूरमध्ये सुरू झालेल्या 'कोअर पीडीएस'ने ही गाठ सोडवली. त्यासाठी स्मार्ट कार्ड, यंत्र आणि मध्यवर्ती हिशेब लागला. गुंतागुंत वाढली, पण तिच्या बदल्यात ग्राहकाला दुकान निवडता आले. असा सौदा करावा.

3. बोटाचा ठसा

प्रत्येक गुंतागुंत अशी फळत नाही. ठसा जुळवून धान्य द्यायचे, तर वीज, यंत्र, नेटवर्क, सर्व्हर आणि ठसा या पाचही गोष्टी एकाच वेळी चालल्या पाहिजेत. उदाहरणापुरते धरू की प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे 98 टक्के वेळा चालते. 0.98 चा पाचवा घात सुमारे 0.90 येतो. म्हणजे शंभरातले दहा जण पहिल्या फेरीत रिकाम्या पिशवीने परततात. त्यात मजुरीने बोटे झिजलेला म्हातारा अधिक वेळा असणार, कारण त्याच्यासाठी शेवटचा आकडा 98 नसतोच.

4. मग निकष कोणता?

संगणकतज्ज्ञ लॅरी टेस्लर यांचे म्हणणे होते की गुंतागुंतीचा एक भाग कधीच नाहीसा होत नाही. प्रश्न एवढाच की ती कोणी वाहायची. 35 किलोंच्या नियमात ती मोठ्या कुटुंबाने वाहिली, कोअर पीडीएसमध्ये सर्व्हरने, ठशाच्या पद्धतीत म्हाताऱ्याने. म्हणून 'साधे ठेवा' एवढ्यावर थांबू नका, 'कोणासाठी साधे?' हेही विचारा.

काही वर्षांपूर्वी एका गटाने रेशनसाठी चेहरा ओळखणारे ॲप शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून सादर केले. नेटवर्क गेले तर काय, हे मी विचारले नाही आणि भरपूर गुण दिले. तो प्रश्न आज तुमच्याकडे सोपवतो.

स्वाध्याय
1. पाचपैकी एक कडी निकामी झाली तरी धान्य मिळेल, अशी पर्यायी वाट आखा. तिचा गैरवापर कसा रोखाल?
2. तुमच्या प्रकल्पातली एक 'सोपी' गोष्ट निवडा. तिचे ओझे कोणावर पडते, ते पाच ओळींत लिहा.