अर्धा दिवस, अठरा दिवस आणि दोन आठवडे

सर्दी उतरली, ताप गेला, पण खोकला काही हटत नाही. बेडका पिवळा पडतोय, रात्री उबळ आली की अख्खं घर जागं. आठव्या-नवव्या दिवशी तुम्ही दवाखान्यात जाता आणि म्हणता, "डॉक्टर, जरा भारी गोळ्या द्या." तीन गोळ्यांचं ॲझिथ्रोमायसिनचं पाकीट हातात पडतं. पुढच्या आठवड्यात खोकला कमी होतो आणि श्रेय पाकिटाला जातं.

हे श्रेय खरं आहे का? आज मी ज्या शोधनिबंधाबद्दल लिहितोय तो नेमका हाच प्रश्न विचारतो. कॉक्रेन या संस्थेचा हा आढावा 'ॲक्युट ब्राँकायटिस', म्हणजे श्वासनलिकांना अचानक आलेली सूज, आणि अँटिबायोटिक यांच्यावर आहे. २०१७ च्या आवृत्तीत १७ चाचण्या आणि ५,०९९ रुग्ण आहेत. काहींना अँटिबायोटिक दिलं, काहींना प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. निष्कर्ष असा: अँटिबायोटिकने खोकला सरासरी अर्धा दिवस लवकर थांबतो. त्याच वेळी साधारण २४ जणांना औषध दिलं की एकाला मळमळ, जुलाब असा जादा त्रास होतो.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. मार्क एबेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की असा खोकला सरासरी १८ दिवस टिकतो. लोकांची अपेक्षा मात्र सात ते नऊ दिवसांची असते. म्हणजे आपण दवाखान्यात जातो ते दुखणं निम्म्यावर आलेलं असताना. त्यानंतर काहीही घेतलं तरी खोकला उतरणारच असतो.

आणि पिवळा बेडका? तो रंग मुख्यतः आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. नुसत्या रंगावरून जंतुसंसर्ग ठरत नाही. आयसीएमआरच्या २०२२ च्या सूचनाही व्हायरसमुळे झालेल्या ब्राँकायटिसमध्ये अँटिबायोटिक टाळा असंच सांगतात.

इथपर्यंत आढावा भक्कम आहे. "हे सगळं तिकडच्या लोकांचं, आपल्याकडे चालणार नाही" असं म्हणून तो उडवून लावता येणार नाही. व्हायरसवर अँटिबायोटिक लंडनमध्ये चालत नाही, तसंच धारूरमध्येही चालत नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. अशा माणसाला "पंधरा-वीस दिवस आराम करा, कोमट पाणी प्या" हे सांगणं म्हणजे चेष्टाच. तो भारी गोळी मागतो ती अडाणीपणातून नव्हे, उद्या फडात उभं राहायचं म्हणून. पण आढावा त्यालाही उत्तर देतो: रोजच्या कामात अडथळा आलेले दिवससुद्धा अँटिबायोटिकने सरासरी अर्ध्या दिवसानेच कमी झाले. गोळीने खाडा वाचत नाही. फक्त गोळीचे पैसे जातात.

मग आढाव्यात कमी काय आहे? तर परत येणारा रुग्ण. चाचणीत आधी न्यूमोनियाची शंका असलेले रुग्ण बाजूला काढतात. उरलेल्यांवर लक्ष ठेवलं जातं. युरोपातल्या १२ देशांत २,०६१ प्रौढांवर झालेल्या ॲमॉक्सिसिलिनच्या चाचणीत रुग्ण लक्षणांची डायरी लिहीत होते. कोणी बिघडलं तर ते कळत होतं. 'अँटिबायोटिकशिवाय बरं होतं' या वाक्याचा अर्धा भार त्या डायरीवर आहे. कोपीत राहणाऱ्या माणसाला ही डायरी कोण देणार?

हे महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे तिसरा आकडा आहे: दोन आठवडे. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा नियम असा की दोन आठवडे किंवा जास्त खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी करा. सरासरी ब्राँकायटिस १८ दिवस चालतो, आणि क्षयरोगाची शंका १४ व्या दिवशी घ्यायची. म्हणजे साध्या खोकल्याचे बरेचसे रुग्णही तपासणीच्या रांगेत येणार. येऊ द्या. थुंकीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. उलट मधेच लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखं औषध घेतलं तर क्षयरोग तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं. तोवर एकाच कोपीत झोपणाऱ्या सगळ्यांना धोका.

म्हणून 'अँटिबायोटिक नको' हा सल्ला एकटा द्यायचा नाही. त्याच्याबरोबर तारीख द्यायची. चिठ्ठीवर 'खोकला सुरू: अमुक तारीख, थुंकी तपासणी: अमुक तारीख' एवढं लिहायला अर्धा मिनिट पुरतं. आणि ती तपासणी बीडमध्ये नाही, तर जिथे फड चालू असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात व्हायला हवी. पुढच्या संशोधनाने मोजावं ते हे: विनागोळी परत पाठवलेल्यांपैकी किती जण तपासणीपर्यंत पोचले.

तुमच्यापुरतं सांगायचं तर खोकला सुरू झाल्याचा दिवस कॅलेंडरवर लिहा. धाप लागली, छातीत दुखलं, बेडक्यात रक्त दिसलं, मोठा ताप परत आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. म्हातारी माणसं, गरोदर बाई, दमा किंवा मधुमेह असलेल्यांनी वाट बघू नये. बाकीच्यांनी धूर-विडी टाळा, गरम प्या. वर्षाखालच्या बाळाला मात्र मध देऊ नका. चौदा दिवस झाले आणि खोकला आहेच, तर भारी गोळी मागू नका, थुंकीची तपासणी मागा.