घर मोडणाऱ्या देवावर विश्वास: ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी बहुतेकांना शाळेच्या पुस्तकातून भेटतं. विसराळू नवरा, वैतागलेली बायको, हसवणारा एखादा प्रसंग. पुढे पूर्ण पुस्तक हातात घेणारेही तेवढंच शोधत राहतात. दुसरीकडे चर्चमध्ये हेच पुस्तक ‘साक्ष’ म्हणून सांगितलं जातं: ख्रिस्ताला विरोध करणारी ब्राह्मण बाई शेवटी त्याला शरण आली. या दोन्ही वाचनांत एक प्रश्न सुटतो, आणि माझ्या मते पुस्तकाचा कणा तोच आहे. ज्या देवामुळे आपला संसार मोडला, त्याच देवावर ही बाई विश्वास कसा ठेवू लागते?

आधी घटना पाहू. फेब्रुवारी १८९५ मध्ये कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या, पदरात दत्तू. टिळक नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात गेले आणि नवरा-बायको काही वर्षं वेगळे राहिले. नंतर त्या नगरला आल्या त्याही आपलं सोवळं सांभाळत, वेगळी चूल मांडून. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालचा. म्हणजे मधली पाच वर्षं ख्रिस्त हे नाव त्यांच्यासाठी नवरा हिरावून घेणाऱ्याचं नाव होतं.

आता ही पाच वर्षं पुस्तकात कशी येतात ते बघा. दृष्टांत नाही, स्वप्नात आवाज नाही, चमत्काराने बरा झालेला आजार नाही. पाणी, स्पर्श, स्वयंपाक या रोजच्या गोष्टींतून विचार पुढे सरकतो. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहतो. उत्तर सापडल्यावर त्या कोणाच्याही हातचं खायला-प्यायला तयार होतात. त्यांची श्रद्धा पायरी पायरीने येते आणि प्रत्येक पायरीवर त्या आधी पाय दाबून बघतात. शंका हा इथे विश्वासाचा शत्रू नाही, तिच्याच आधाराने त्या वर चढतात.

हे मला एवढं महत्त्वाचं का वाटतं? आई आजारी असताना आमच्या घरी प्रार्थनेला येणाऱ्यांपैकी काहींनी सांगितलं होतं, विश्वास कमी पडतोय. ती गेल्यावर त्यांच्यातलेच काही म्हणाले, देवाची इच्छा. दोन्ही वाक्यं प्रेमानेच बोललेली होती, पण दोन्हींत घाई होती. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सिस्टिम बंद पडली की मूळ कारणाचा रिपोर्ट लिहावाच लागतो, कारण सापडल्याशिवाय तिकीट बंद होत नाही. दुःखाचंही तिकीट बंद करायची घाई माणसांना असते. बायबलमधल्या ईयोबाचे मित्र हेच करतात. सगळं गमावून बसलेल्या माणसाला ते कारण समजावत राहतात, तुझं काहीतरी चुकलं असणार. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. भांडणाऱ्या, जाब विचारणाऱ्या ईयोबावर तो असा कोपत नाही.

लक्ष्मीबाई असा रिपोर्ट कधीच लिहीत नाहीत. वियोग का आला, त्यातून देवाला काय साधायचं होतं, याचा हिशेब मांडून त्या मोकळ्या होत नाहीत. त्या घडलेलं सांगतात, आणि सांगताना हसवतात. या विनोदाला केवळ खेळकर स्वभाव म्हणून चालणार नाही. ज्याच्यावर रुसता येतं, ज्याची टिंगल करता येते, त्याच्याशी नातं अजून जिवंत असतं. टिळकांशी त्या असंच वागतात. हातातले पैसे वाटून मोकळा होणारा, न सांगता निघून जाणारा हा माणूस भरवशाचा नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे, तरी त्यांचा त्याच्यावर विश्वास आहे. देवावर विश्वास म्हणजे काय, हे त्या बहुधा या संसारातच शिकल्या. भरवसा आधी आणि खुलासा नंतर, किंवा कधीच नाही.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मनाच्या आतली उलथापालथ लक्ष्मीबाई पटकन ओलांडतात, तिथे थोडं थांबायला हवं होतं असं वाटत राहतं. दुसरी मर्यादा त्यांच्यापेक्षा आपल्या वाचनाची जास्त आहे. नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनचं काम १८३१ पासूनचं. इथल्या गावोगावच्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः महार आणि मांग समाजातून आलेल्या माणसांवर. दुष्काळ त्यांनी भोगले, प्लेग भोगला, गावकुसाबाहेरचं जिणं तर पिढ्यान्‌पिढ्या. पाणी कोणाच्या हातचं घ्यायचं हा लक्ष्मीबाईंपुढचा प्रश्न होता. पाणी मिळणार का, हा या माणसांपुढचा. त्यांच्या शंकांचं ‘स्मृतिचित्रे’ मराठीत ठळकपणे उभं राहिलेलं नाही. नगरच्या ख्रिस्ती श्रद्धेचा चेहरा म्हणून फक्त टिळक कुटुंबाकडे बोट दाखवताना ही रिकामी जागा लक्षात ठेवावी.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि १९१९ मध्ये ते गेले. ज्याच्या मागोमाग ही बाई या वाटेवर आली होती तोच आता नव्हता. विश्वास उसना असता तर इथे संपला असता. त्यांनी टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हाती घेतलं. लहानपणी शाळेचं तोंड न पाहिलेल्या, लिहायला-वाचायला नवऱ्याकडून शिकलेल्या या बाईने त्याचे ६४ अध्याय रचले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने येऊ लागलं आणि १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. शेवटचा भाग त्यांच्या हातून पुरा झाला नाही, तो मुलगा देवदत्त याने पूर्ण केला.

त्यामुळे संक्षिप्त आवृत्तीवर थांबू नका, पूर्ण पुस्तक मिळवा. तुम्ही देव मानत असाल किंवा नसाल, वियोगाच्या वर्षांची प्रकरणं सावकाश वाचा. कोणी आजारी असेल, कोणी गेलं असेल, तर त्या घरी जाण्याआधी तर नक्कीच वाचा. तिथे गेल्यावर कारण सांगायची घाई तुमच्याकडून होणार नाही.