पाच कोटींत संघ कसा बसतो?

मंडळी, लोणावळ्यात उभं राहून कबड्डीवर बोलायचं म्हणजे धाडसच. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांचे गुडघे मावळातल्या मैदानांवर फुटलेत. आमचे नुसते ग्रंथालयाच्या पायऱ्या चढून झिजले. म्हणून आज डावपेचांवर नाही, हिशेबावर बोलू.

प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा लिलाव ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत झाला. सगळा संघ उभारायला प्रत्येकाला ५ कोटी, त्यापुढे दमडी नाही. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं आणि बारा संघांत शेवटचा नंबर पटकावला. आपल्या पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलूला २ कोटी ३५ लाख दिले आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं.

यावर ठरलेला निष्कर्ष असा की, एका खेळाडूवर पैसा उधळू नये. आम्हाला तो पटत नाही. गणित करून बघा ना. टायटन्सने एका माणसावर ५२ टक्के लावले, पलटणने ४७. एवढ्याशा फरकाने कुणी पहिला आणि कुणी शेवटचा ठरतो का?

फरक उरलेल्या पैशात होता. अस्लम इनामदार, मोहित गोयत ही पोरं आठव्या हंगामात, २०२१-२२ साली, पलटणकडून पहिल्यांदा खेळली. नवव्या हंगामात संघ अंतिम सामना जयपूरकडून हरला. तेव्हा कर्णधार होता १ कोटी ३८ लाखांचा फझल अत्राचली. हरल्यावर पलटणने त्याला सोडलं, पोरांना ठेवलं आणि अस्लमला कर्णधार केलं. प्रशिक्षक बी. सी. रमेशही तेच राहिले. म्हणजे शादलू आला तो घडलेल्या संघात. महाग माणूस कळसासारखा असतो. खाली देऊळ असलं तर शोभतो.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवतात. तिथे शेवटच्या संघाला नव्या पोरांतून पहिली निवड मिळते, वर पगाराची मर्यादा असतेच. तरीही काही संघ वर्षानुवर्षं तळाशी राहतात. पैसा सारखा वाटता येतो, पारख आणि धीर वाटता येत नाही.

इथवर पलटणचं कौतुक. आता तक्रार.

कांटने किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला. जिची किंमत होते तिच्या जागी दुसरी वस्तू चालते. माणसाच्या जागी दुसरं काही चालत नाही. लिलावात मात्र माणसाचाच आकडा पुकारतात. आमचा एक विद्यार्थी शेवटच्या वर्षाची परीक्षा सोडून लिलावाच्या आशेवर बसला. त्याचं नाव पुकारलंच नाही. दोन कोटींच्या बातमीत असली पोरं कुठे दिसतात? आणि त्यांना पहाटे मैदानावर उतरवणारी गावची मंडळं तरी कुठे दिसतात? ज्या धीराचं आत्ता आम्ही कौतुक केलं, त्याची सुरुवात त्या मंडळांनीच केलेली असते.

जागतिक फुटबॉलमध्ये यावर एक नियम आहे. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात विकला गेला, की त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. आमचं म्हणणं एवढंच, की कबड्डीच्या लिलावालाही असाच नियम हवा. ५ कोटींचे ५ टक्के म्हणजे २५ लाख. एका संघाचे, एका हंगामाचे. तेवढ्यात किती गावांत मॅट येतील, किती पोरांच्या गुडघ्यांवर वेळेवर उपचार होतील, ते तुम्ही आमच्यापेक्षा चांगलं सांगाल.

संघ कसा जिंकला हे विचारताना तो कुणाच्या खर्चाने घडला हेही विचारावं. आता प्रश्न तुमचे. गुडघेवाल्यांनी आधी विचारावेत.