नामकरण आणि निष्कर्ष : एका वैद्यकीय प्रयोगाची समीक्षा

बॉस्टन नगराच्या फेनवे भागात १९७१ साली एक लहानसा लोकारोग्य-दवाखाना निघाला. समलिंगी, द्विलिंगी व पारलिंगी रुग्णांना निःसंकोचपणे उपचार मिळावेत, हे पुढे त्याचे प्रमुख कार्य ठरले. २००१ साली त्यास संशोधनसंस्थेची जोड मिळाली. रुग्णांच्या विश्वासातून संशोधन उभे राहावे, हे या केंद्राचे वैशिष्ट्य होय. ज्या एका मोठ्या प्रयोगात त्याने भाग घेतला, त्याच्या गुणदोषांचा विचार येथे कर्तव्य आहे.

‘आयप्रेक्स’ या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. सहा देशांतील २,४९९ व्यक्तींपैकी काहींना एमट्रिसिटाबिन व टेनोफोव्हिर यांची संयुक्त गोळी रोज घेण्यास दिली, इतरांना तशीच दिसणारी निरौषधी गोळी. औषधाच्या गटात एचआयव्हीची नवी लागण ४४ टक्क्यांनी कमी आढळली. २०१२ साली अमेरिकेत या प्रतिबंधक योजनेस मान्यता मिळाली. प्रयोगाचे हे श्रेय निर्विवाद आहे.

तथापि मूळ निबंधाच्या शीर्षकात ‘पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष’ असा उल्लेख आहे, आणि आमचा आक्षेप येथूनच सुरू होतो. २०१५ साली त्याच सामग्रीची पुन्हा छाननी झाली, तेव्हा सहभागी व्यक्तींपैकी ३३९ जणी पारलिंगी स्त्रिया होत्या असे दिसून आले. त्यांच्यापैकी औषधाच्या गटात ११, तर निरौषधी गटात १० जणींना लागण झाली होती. म्हणजे ४४ टक्क्यांच्या सरासरीत ज्यांचा समावेश झाला, त्यांच्या पदरात लाभ पडलाच नव्हता.

मग औषध निष्फळ ठरले काय? तसे म्हणता येत नाही. औषधाच्या गटातील ज्यांना लागण झाली, त्यांच्यापैकी एकीच्याही रक्तात लागण उघड झाली त्या वेळी औषध आढळले नाही. लागण न झालेल्या ज्या पारलिंगी स्त्रियांची तपासणी झाली, त्या ३३ पैकी केवळ ६ जणींत ते आढळले. पुरुषांत हेच प्रमाण १११ पैकी ५८ होते. उणीव गोळीच्या गुणात नसून ती घेतली जाण्यात होती.

यावर कोणी म्हणेल की विषाणू आचरण पाहतो, नाव पाहत नाही. म्हणून आचरणावर आधारलेला वर्ग शास्त्रशुद्धच होय. संसर्गापुरते हे खरे आहे. परंतु गोळी रोज घेणे ही क्रिया विषाणूची नव्हे, माणसाची आहे. आणि माणूस स्वतःस काय समजतो यावर ती अवलंबून असते. जी स्वतःस स्त्री मानते, तिला पुरुषांसाठी योजिलेला उपाय आपला वाटावा ही अपेक्षाच चुकीची. शिवाय ३३९ ही संख्या स्वतंत्र निर्णयास अपुरी होती, कारण प्रयोगाची आखणीच त्यांच्यासाठी नव्हती. तरीही नोंदी जपून ठेवल्या होत्या, म्हणूनच पाच वर्षांनी दोष उघड झाला, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. मुंबईत १९९४ साली स्थापन झालेली हमसफर ट्रस्ट ही संस्था याच क्षेत्रात कार्य करीत आली आहे. येथे तर हिजडा, तृतीयपंथी, कोती अशी नावेच अनेक, आणि प्रत्येकीमागील जीवनक्रम निराळा. सर्वेक्षणाच्या तक्त्यात या सर्वांस ‘इतर’ या एकाच रकान्यात कोंबणाऱ्या अभ्यासकाने, आपली सरासरी नेमकी कोणाची, हा प्रश्न स्वतःस आधी विचारावा. वर्गीकरण ही संशोधनाची पूर्वतयारी नसून त्याचा पहिला निष्कर्षच असतो. तो चुकला तर पुढील गणित कितीही बिनचूक असून उपयोगाचे नाही.