पंख्याचे तारे फक्त पाचवर मोजतात

सोलापुरात मे महिन्यात पंख्याला रेग्युलेटर असतो तरी कशाला? नॉब पाचवर जातो तो पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत तिथेच राहतो. पण गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तोच पंखा डासांपुरता दोनवर येतो. आमच्या आजीच्या खोलीत तर बाराही महिने दोनवरच. तिला वारा अंगावर नको, हवा हलती हवी.

मी लहान मोटरच्या वेगनियंत्रणावर काम करतो, त्यामुळे एक वाक्य मला हमखास ऐकवलं जातं: ‘पंखा हळू केला तरी बिल तेवढंच.’ हे खरं नाही, पण अगदी खोटंही नाही. भिंतीवरचा तो जुना, गरम होणारा डबा आठवतोय? वेग कमी करताना तो बरीच वीज स्वतः तापण्यातच घालवायचा. आताच्या कपॅसिटरवाल्या रेग्युलेटरमध्ये तसं होत नाही, म्हणून प्रश्न मिटला असं आपण धरून चालतो. तो मिटलेला नाही, भिंतीवरून मोटरमध्ये गेलाय.

कसा ते बघा. साध्या पंख्यात इंडक्शन मोटर असते. 14 पोलची मोटर धरली तर 50 हर्ट्झवर तिचं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला सुमारे 428 फेरे फिरतं. पाती त्याच्या मागे मागे. हे जे मागे राहणं, ते म्हणजे स्लिप. रोटरला जेवढी शक्ती पोचते, तिचा स्लिपइतका भाग रोटरमध्येच उष्णता होऊन जातो. रेग्युलेटर क्षेत्राचा वेग बदलतच नाही. व्होल्टेज कमी करून पात्यांना आणखी मागे पाडतो. अर्धा क्लच दाबून गाडी हळू चालवावी, तसं.

पाचवर पंखा 364 फेरे घेत असेल तर रोटरपर्यंत आलेल्यातलं 15 टक्के वाया. 285 वर आणला की एक तृतीयांश, 214 वर निम्मं! एकूण वीज कमी होते हे नक्की, कारण पात्यांना लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे घटते. 214 वर रोटरला पाचच्या मानाने साधारण एक तृतीयांशच शक्ती लागते. पण गंमत अशी की कागदावरच्या हिशोबात रोटरची उष्णता पाचवर सर्वांत जास्त नसते, ती 285 च्या आसपास असते, 364 पेक्षा सुमारे 37 टक्के जास्त. हे गणित मी पहिल्यांदा केलं तेव्हा चुकलंय असं वाटून दोनदा तपासलं होतं.

आता तक्रार. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जा दक्षता ब्युरोचं स्टार लेबल सक्तीचं झालं. चांगलंच झालं. पण तारे ठरतात ते मिनिटाला किती घनमीटर हवा भागिले किती वॅट यावर, आणि तेही पूर्ण वेगावर. बीएलडीसी पंख्यात इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रालाच हळू फिरवतं आणि रोटरमध्ये कायमचे चुंबक असतात. पाती क्षेत्राच्या पावलाला पाऊल लावून चालतात, स्लिप नाहीच. म्हणजे दोन्ही जातींतला टक्क्यांतला फरक हळू वेगावर वाढतो, आणि नेमका तिथेच लेबल गप्प.

ब्युरोची अडचण मला समजते. ‘पाच’ सगळीकडे सारखा, ‘दोन’ मात्र ज्याच्या त्याच्या रेग्युलेटरचा वेगळा. मग नॉबवर ठरवू नका ना, हवेवर ठरवा: पूर्ण हवेच्या निम्मी हवा देताना किती वॅट, एवढी एक ओळ लेबलवर चालेल.

तुम्ही मात्र एवढ्यावरून घाई करू नका. तासाला वाचणारे वॅट मोजले तर बीएलडीसीचा फायदा पाचवरच मोठा असतो, दोनवर लहान. म्हणून तास मोजावे लागतात. आम्ही ते मोजले नाहीत. नवा पाच ताऱ्यांचा पंखा पाहुण्यांना दिसावा म्हणून हॉलमध्ये लावला, तिथे तो संध्याकाळी दोन-तीन तास फिरतो. जुना गेला आजीच्या खोलीत, जिथे तो दिवसरात्र चालू असतो. आणि हे ठरवताना वेगनियंत्रणावर पीएचडी करणारा मी शिडी धरून खाली उभा होतो!

येत्या रविवारी दोन्ही पंखे अदलाबदल करतोय. आजीची एकच अट आहे, रिमोट तिच्या हातात द्यायचा नाही, भिंतीवर नॉबच हवा.