वृकोदराचे पोट

बालवाङ्मयाची चिकित्सा करताना आपण त्यातील बोध पाहतो, भाषा पाहतो, कल्पनाविलास पाहतो. त्यातील माणसांची शरीरे मात्र सहसा पाहत नाही. मुलाची गोष्ट उलटी आहे. बोध त्याला नंतर कळतो. जाड कोण आणि बारीक कोण, हे त्याला आधी दिसते.

आपल्या जुन्या कथांत पोटाला मान होता. लेकीकडे निघालेली म्हातारी वाघाला जाडजूड होऊन परतण्याचे वचन देते. त्या वचनात वाघाला फसवण्याची युक्ती आहेच. पण लेकीच्या घरी पोटभर जेवायला मिळते, हा भरवसाही आहे. बीडजवळच्या नवगण राजुरीचा गणपती काय किंवा घरोघरचा काय, त्याच्या सुटलेल्या पोटावर मुलांचे प्रेमच असते. आणि महाभारतातला भीम तर वृकोदरच! एकचक्रा नगरीत पांडवांच्या भिक्षेचा अर्धा वाटा एकट्या भीमाचा असे, आणि बकासुरापुढे बसून गाडाभर अन्न फस्त करणारा तोच त्या नगरीला तारतो.

२००८ साली दूरचित्रवाणीवर अवतरलेल्या ‘छोटा भीम’ने या वृकोदराचे काय केले, ते पाहण्याजोगे आहे. लाडू भीमाकडे राहिले. पोट तेवढे कालियाकडे गेले. लाडू खाऊनही भीम सडसडीत, पिळदार. आणि जाड्या कालिया मत्सरी, दांडगट आणि शेवटी हास्यास्पद. मूळ कथेत एकाच देहात नांदणारी भूक आणि शौर्य येथे वेगळी झाली. माझ्या मते ही चित्रकाराची किरकोळ सोय नव्हे. हा मूल्यांचा बदल आहे.

यावर कोणी म्हणेल, मुले जात्याच चेष्टेखोर. त्यांना शिकवावे कशाला लागते? अमेरिकेत १९६१ साली दहा-अकरा वर्षांच्या मुलांपुढे सहा मुलांची चित्रे ठेवून आवडीचा क्रम विचारण्यात आला. कुबड्या घेतलेला, चाकांच्या खुर्चीतला, हात नसलेला, या साऱ्यांच्याही मागे, अगदी शेवटी, लठ्ठ मूल आले. तोच प्रयोग २००३ साली पुन्हा झाला, तेव्हा नावड वाढलेली आढळली. जे निव्वळ उपजत असते, ते चाळीस वर्षांत वाढत नाही.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न अधिक टोचतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथली लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. तोडणीला जाणाऱ्या जोडप्याला तिकडे ‘कोयता’ म्हणतात. माणूस हत्याराच्या नावाने मोजला जातो. त्यांच्या पोरांचे वजन अंगणवाडीत भरते, आणि काटा थोडा पुढे सरकला की ताईंना हायसे वाटते. तेच पोर मोबाइलवर कालियाला हसायला शिकते. एकीकडे अंग धरण्याची वाट पाहायची, दुसरीकडे भरल्या अंगाची लाज शिकायची. आणि लुकड्याचीही यातून सुटका नाहीच. त्याला ‘काडीपैलवान’ म्हणून हिणवण्यासाठीही हीच फूटपट्टी कामी येते.

जाड मुलांची स्तुतिस्तोत्रे लिहा, असे माझे म्हणणे नाही. तो दुसरा कृत्रिमपणा होईल. लेखकाने आणि चित्रकाराने एवढेच स्वतःला विचारावे : खलपुरुषाला पोट दिले, ते कथेची गरज म्हणून, की स्वभाव रेखाटण्याचे कष्ट वाचावेत म्हणून? व्यासांनी ते कष्ट वाचवले नव्हते.