अनवाणी पथ्य

वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मी आयुर्वेद शिकायला बसलो. संस्कृतीचा पुळका आला म्हणून नव्हे. आठ वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली, गोळ्या सुरू झाल्या, त्या वाढत गेल्या, आणि रात्री तळपायांत मुंग्यांचे वारूळ फुटल्यासारखे होऊ लागले. अशात संध्याकाळचा एक वर्ग सापडला. आठवड्यातून दोन दिवस, प्रौढांसाठी, परीक्षा-बिरीक्षा काही नाही. मराठी अर्थासह संहिता वाचायच्या आणि त्यातून आपल्या प्रकृतीला काय मानवते ते समजून घ्यायचे. मी शाळेत मराठी शिकवतो. ग्रंथ वाचणे हा माझा धंदा. म्हटले, गुण आला नाही तरी पुस्तक तर कळेल.

पुस्तक कळले ते असे, आणि ते सांगणे मला जरूर वाटते. कारण या ग्रंथांविषयी आपल्यात दोनच मते ऐकू येतात. एक, हे सगळे भटी बाड आहे, त्याला हात कशाला लावायचा? दुसरे, अलीकडे आपल्याही घरांत चूर्णांच्या डब्यांबरोबर शिरलेले, की हे शुद्ध विज्ञान आहे, औषधाला कसली आली जात? दोन्ही मते न वाचता बनलेली आहेत. १९२७ साली महाडला मनुस्मृती जळाली, पण बाबासाहेबांनी ती न वाचता जाळली नव्हती.

वर्गाचे गुरुजी भले गृहस्थ आहेत. त्यांनीही पहिल्या दिवशी हेच सांगितले, औषधाला जात नसते. मग मी चरकाच्या सूत्रस्थानाचा तिसावा अध्याय काढला. आयुर्वेद कोणी शिकावा? ब्राह्मणाने प्राणिमात्रांवर उपकार करण्यासाठी, क्षत्रियाने रक्षणासाठी, वैश्याने पोटासाठी. चौथ्याचा पत्ता नाही. सुश्रुत थोडा सैल आहे. कुळाने आणि गुणाने चांगल्या शूद्राला उपनयन न करता, मंत्र वगळून शिकवावे, असे काहींचे मत असल्याचे तो नोंदवतो. काहींचे! आणि पाचवा? पाचवा चरकात भेटतो, पण विद्यार्थी म्हणून नाही. इंद्रियस्थानात मरण सुचवणारी स्वप्ने दिली आहेत. स्वप्नात चांडाळांबरोबर बसून जो तेल-तूप पितो त्याला प्रमेह धरतो आणि तो मरतो, असे तेथे म्हटले आहे. प्रमेह म्हणजे माझा मधुमेह ज्या रोगांच्या घराण्यातला आहे तेच घराणे. हे वाचून मला आधी हसू आले. मी तर त्या पंगतीला रोज जागेपणी बसतो. बायको तेल मोजून घालते, एवढेच.

हसू ओसरल्यावर मात्र त्याच ग्रंथाने मला अडवले. प्रमेहाची कारणे सांगताना चरकाने आरंभीच दोन शब्द ठेवले आहेत: आस्यासुख आणि स्वप्नसुख. बसण्याचे सुख, झोपण्याचे सुख. मग दही, दूध, नवे धान्य, गुळाचे पदार्थ. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात हे या लोकांनी पाहिले होते. रोगी दोन जातींचे, एक जन्मतः रोग घेऊन आलेला कृश आणि एक खाऊन-बसून झालेला स्थूल, हा भेद सुश्रुताने केला होता. ही नजर खरी आहे. ती नाकारून माझी साखर उतरणार नाही. बावीस वर्षे मी खुर्चीवर बसून वह्या तपासल्या, मधल्या सुट्टीत चहात बुडवून खारी खाल्ली, आणि संध्याकाळी सभांच्या खुर्च्या धरल्या. चरकाने माझे नाव घेतले नाही एवढेच.

पण ही खुर्ची आमच्या घरात आली कशी, हे चरकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. माझी माय १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर पाट्या वाहत होती, तेव्हा मी तिच्या पोटात होतो. बाप लोकांच्या विहिरी खणायचा. पाणी लागले की मालक नारळ फोडायचा, आमची माणसे वर काढली जायची, आणि त्यानंतर त्या विहिरीच्या पायऱ्या आम्हाला बंद. माय म्हणायची, "शिकून बसायचं काम धर. उनात मरू नको." बसायचे काम! आमच्या पिढीने आस्यासुख ऐश म्हणून घेतले नाही; दोन पिढ्यांच्या पाठी मोडून ते मिळवले आणि त्यातूनच हा रोग घेतला. आज माझ्या ओळखीच्या शिक्षकांत, कारकुनांत, बँकवाल्यांत ज्याच्या खिशात साखरेची गोळी नाही असा विरळा.

आता त्या रोगावरचा सुश्रुताचा उपाय ऐका. चिकित्सास्थानाचा अकरावा अध्याय. वर्ग तिथवर पोचायचा होता, मी घाईने पुढे जाऊन वाचला. रोगी निर्धन असेल, त्याला कोणी भाऊबंद नसतील, तर त्याने पायांत वहाणा न घालता, डोक्यावर छत्री न धरता, भिक्षा मागून खात, एका गावी एकच रात्र राहत, मुनीसारखा शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे. मोठा धनवान असेल त्याने रानधान्ये आणि आवळा-कवठासारखी फळे खाऊन हरणांबरोबर राहावे, गायींच्या मागे हिंडावे. ब्राह्मणाने शेतात पडलेले दाणे वेचून जगावे. इतरांनी नांगर धरावा किंवा विहीर खणावी.

मी हे तीनदा वाचले. आमच्या बापजाद्यांचे अख्खे जगणे येथे औषध म्हणून लिहिलेले होते. माझा आजा पाटलाच्या गल्लीतून जाताना वहाणा काढून हातात घ्यायचा. बापाने विहिरी खणल्या. भाकर मागून आणणे हे तर गावकीचे कामच होते. याच परंपरेतला चरक दिनचर्या सांगताना वहाणा घालाव्यात, त्या डोळ्यांना आणि पायांना हितकर आहेत, छत्री धरावी, ती ऊन-वारा-धूळ-पाऊस वारते, असे आग्रहाने सांगतो. म्हणजे निरोग्याचे आरोग्य वहाणेत आहे आणि निर्धनाचा उपचार वहाण काढण्यात. कोणी म्हणेल, उपायामागचे तत्त्व श्रमाचे आहे, आणि धनवानालाही तेथे कष्टच सांगितले आहेत. मान्य. स्थूल रोग्याने चालावे हे आजचा डॉक्टरही सांगतो. पण धनवान हरणांत राहून बरा झाला की वाड्यावर परत येणार. निर्धनाच्या चालण्याला परतीचा गाव श्लोकात नाही. उपचार रोगाकडे पाहून ठरत नाही, रोग्याच्या पायरीकडे पाहून ठरतो. माझा आक्षेप या ठिकाणी आहे.

आणि हा आक्षेप माझ्यासाठी नुसता वाङ्मयीन राहिला नाही. वर्गात पहाटे दवातल्या गवतावर अनवाणी चालण्याचा सल्ला निघाला. सुश्रुताचा दाखला कोणी दिला नव्हता. हे सगळीकडेच सांगितले जाते, तसे. मी चाललो. तिसऱ्या आठवड्यात मोज्याला डाग दिसला. अंगठ्याखाली काटा मोडून आत पू झाला होता आणि मला पत्ता नव्हता, कारण साखरेने तळव्यांची जाणीव आधीच खाल्ली होती. जखम भरायला अडीच महिने गेले. डॉक्टरांनी विचारले, "मास्तर, तुम्हाला अनवाणी कोणी चालायला लावलं?" काय उत्तर देणार? पुढे त्यांनी मऊ रबरी तळाच्या चपला लिहून दिल्या. एकेकाळी महारोग्यांच्या बधिर पायांसाठी वापरात आलेले ते रबर आज आमच्या पायांखाली आहे. चपला एका चर्मकार मित्राने बेतून दिल्या. माप घेताना तो बराच वेळ माझा पाय हातात धरून तळव्यावरून बोट फिरवत होता. वर्गात नाडी पुष्कळांनी पाहिली. पाय कोणी पाहिला नव्हता.

एक प्रसंग आणखी. चरकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात मांसांचे गुण चालले होते. गुरुजींनी एक जागा हलकेच ओलांडली. मी घरी येऊन पाहिले. गोमांस हे वाताचे विकार, पीनस, विषमज्वर, सुका खोकला, थकवा आणि शरीराचे मांस झडणे यांवर हितकर, असे तेथे आहे. दोनच अध्याय आधी त्याच चरकाने पशुमांसांत ते सर्वांत अहितकर म्हटले आहे, हेही सांगितले पाहिजे. ग्रंथ एकसुरी नाही. पण माझा बाप सुक्या खोकल्याने झिजून पंचावन्नाच्या आत गेला, आणि गावाने त्याला ज्या अन्नावरून बाटगा ठरवले त्याची नोंद चरकाने त्याच खोकल्यावर केलेली आहे. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या मांसालाही कायद्याने बंदी आहे. चरकाचा जयजयकार करणाऱ्यांनी निदान तो पुरता वाचावा.

मनूने वैद्याचे अन्न पुवासमान मानले आहे, त्याला श्राद्धातून वगळले आहे. वैद्य सगळ्यांच्या अंगाला हात लावतो, सगळ्यांचे मलमूत्र पाहतो. शुद्धीच्या व्यवस्थेत तो बसत नव्हता. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की वैद्यांनी निरीक्षणाने शास्त्र उभे केले आणि ब्राह्मणी सत्तेच्या दडपणाखाली त्यावर वर्णधर्माचे लेप चढले. मला हे निम्मे पटते. स्वप्नातला चांडाळ लेप असेल. पण निर्धनाच्या वहाणा काढणारा श्लोक उपचाराच्या पोटातच आहे. तो खरवडून काढायचा तर उपचारच नव्याने लिहावा लागेल.

वाग्भट मला जवळचा वाटतो, आणि अष्टांगसंग्रहाच्या आरंभी बुद्धाला वंदन आहे एवढ्यासाठीच नव्हे. अष्टांगहृदयाच्या शेवटी तो विचारतो, ऋषींनी लिहिले म्हणूनच वाचायचे तर चरक-सुश्रुत सोडून भेल वगैरे का वाचत नाही? चांगले सांगितले असेल ते घ्यावे, सांगणारा कोणी का असेना. त्याच वाग्भटाने प्रमेहावर आवळा आणि हळद श्रेष्ठ म्हटली आहे. मी ती घेतो. साखर तिने किती उतरली हे सांगता येणार नाही, कारण गोळ्या मी एक दिवसही सोडलेल्या नाहीत. भात कमी केला, जव आणि ज्वारी वाढवली, रोज तासभर चालतो. चपला घालून.

वर्ग सोडलेला नाही. पुढच्या महिन्यात सुश्रुताचे शारीरस्थान सुरू होते. त्यात शरीर जाणण्यासाठी प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवावे, सात रात्रींनी बाहेर काढून कुंच्याने हळूहळू घासत थराथराने पाहावे, असे सांगितले आहे. पाहणारा वैद्य कोण हे ग्रंथात आहे. ते प्रेत नदीपर्यंत कोण वाहून नेत असेल आणि सातव्या रात्रीनंतर पाण्यात उतरून कोण काढत असेल, हा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला आहे.